बगलफूट काढू का नको?

टोमॅटो लावायला काही अक्कल लागत नाही, कोणीही लावतं. खरी कसोटी रोप गुडघ्याच्या वर गेलं की लागते, कारण नेमकं तेव्हाच कोणीतरी येऊन म्हणतं "अरे, बगलफूट काढत नाहीस का?" आणि झालं, आपल्या झोपेचं खोबरं.

बगलफूट म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून तिरकं निघणारं ते कोवळं पिल्लू. बोटभर असताना चिमटीत धरून बाजूला वाकवलं की टक्कन तुटतं, कात्रीसुद्धा लागत नाही. हे झालं पुस्तकी. प्रत्यक्षात आज बघावं तर ते इतकं बारीक की चिमटीत येत नाही, आणि चार दिवस तिकडे फिरकलो नाही की तेच बेटं करंगळीएवढं जाड होऊन वर कळ्यांचा घोस घेऊन उभं. आता कापा! कळ्या धरलेली फांदी कापायला काळीज लागतं बाबा.

त्यात रोप कुठल्या जातीचं ही वेगळीच भानगड. अमर्यादित वाढीचं असेल, म्हणजे काठी संपली तरी चढतच राहणारं, तर बगलफूट काढून एक-दोन खोडं ठेवायची. पण मर्यादित वाढीचं झुडूप असेल तर त्याच्या शेंड्याला फुलं येऊन वाढ आपोआप थांबते, तिथे बगलफूट काढली की आपल्याच हाताने टोमॅटो कमी केले. आणि रोपाच्या पिशवीवर लिहिलेलं काय असतं? "टोमॅटो". थँक्यू हां, मला वांगी वाटली होती.

केव्हा छाटायचं यावर मात्र एकमत. कोरड्या दिवशी, सकाळी, म्हणजे जखम दिवसभरात सुकते, ओल्यात कापलं की रोगाला आयतं दार. सकाळी सकाळी माझ्या हातात कोणी कात्री देऊ नये असं माझं प्रामाणिक मत आहे पण विचारतो कोण!

मातीला टेकणारी खालची पानं मी बिनदिक्कत काढतो, पाणी घालताना चिखलाचे शिंतोडे उडून करपा रोग तिथूनच वर चढतो त्यामुळे तिथे दयामाया नाही. पण एकदा हात चालायला लागला की शिवशिवतो, वरची पण काढावी वाटतात, मोकळं मोकळं किती छान दिसतं, आणि मग सावली गेली की उन्हाने फळांवर पांढरे चट्टे. म्हणजे कापलं तरी आपण दोषी, नाही कापलं तरी आपणच.

एवढं करून आत यावं तर बोटं काळी-हिरवी, साबण लावला की फेस पिवळाधमक आणि तो उग्र वास. आई लांबूनच ओरडते, "टॉवेलला हात पुसू नकोस!"

बरं, काढलेली बगलफूट टाकवत नाही कारण ती नुसती पाण्यात ठेवली तरी मुळं फुटतात. म्हणून मी ठेवतो, खिडकीत, ओट्यावर, फ्रीजवर, गर्दी कमी करायला छाटणी काढली आणि रोपं दुप्पट झाली, आणि काल आई स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात म्हणाली, "अरे पाहुणे आलेत, एक तरी ग्लास रिकामा कर."