दहा पानांच्या साइटला रिॲक्ट कशाला?

वेब शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि लिंक्डइनवर एक दावा सतत फिरत असतो. शब्द बदलतात, सूर तोच: स्टॅटिक साइटचा जमाना गेला, आता कुठलीही वेबसाइट रिॲक्ट (पानं बांधायचं जावास्क्रिप्टचं साधन) किंवा त्यावरच उभ्या नेक्स्टमध्येच बांधायची. सोबत ठरलेली कारणंही येतात. माझं पोट दवाखाने, क्लासेस आणि छोट्या प्रकाशकांच्या साइट बांधण्यावर चालतं, म्हणून ती कारणं एकेक करून बघू.

‘स्टॅटिक साइटवर काही बदलता येत नाही.’

इथे मुळातच गल्लत आहे. स्टॅटिक म्हणजे मागणी येण्याआधी तयार करून ठेवलेलं पान. अशी पानं बांधणारी साधनं म्हणजे स्टॅटिक जनरेटर: जेकिल २००८ सालचं, ह्यूगो २०१३ चं. दोन्ही हेच करतात. मजकुराची फाइल बदलली, गिटवर (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) ढकलली की साइट पुन्हा बांधली जाते. ह्यूगो शेकडो पानं काही सेकंदांत बांधून मोकळं होतं. क्लायंटला गिट येत नसेल तर डेकॅप सीएमएससारखा मजकूर भरायचा फॉर्म समोर ठेवता येतो, आणि शोधासाठी पेजफाइंड हे साधन साइट बांधण्याच्या (बिल्डच्या) वेळीच सूची बनवून ठेवतं. बँकेचं खातं किंवा रेल्वेचं बुकिंग स्टॅटिक करा असं कुणी म्हणत नाही. पण दवाखान्याच्या वेळा प्रत्येक पेशंटला वेगळ्या दाखवायच्या नसतात.

‘जरा काही हलतं-उघडतं हवं असेल तर रिॲक्टसारखं फ्रेमवर्क लागतंच.’

२०१३ मध्ये रिॲक्ट आलं तेव्हा यात तथ्य होतं. दरम्यान ब्राउझर कुठल्या कुठे गेले. प्रश्नोत्तरांची उघडझाप डीटेल्स टॅग करतो. पॉपअपसाठी डायलॉग टॅग मार्च २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे. एस्केप दाबल्यावर बंद होणं, बंद झाल्यावर फोकस जागेवर परत जाणं, हे सगळं त्यात आयतं मिळतं. आतल्या घटकावरून बाहेरच्याला स्टाइल देणारा सीएसएसचा ‘हॅज’ सिलेक्टर डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्समध्येही आला. अजून एक, खास आपल्या कामाचं: पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी अशी नोंदवली की नोटो सॅन्स देवनागरीसारखा फाँट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाने दाखवतो. जावास्क्रिप्टची एक ओळ लागत नाही. तरी कितीतरी मराठी साइटवर तिथे इंग्रजीच लिहिलेलं सापडतं, कारण टेम्प्लेट उचलताना ती ओळ कुणी वाचलेलीच नसते.

‘रिॲक्ट साइट फास्ट असते.’

हे कारण सगळ्यात जास्त चालतं आणि सगळ्यात कमी तपासलं जातं. लिंकवर क्लिक केल्यावर पान न चमकता बदलतं, म्हणून ती वेगवान वाटते. पण पहिलं पान? निव्वळ ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रिॲक्ट ॲपमध्ये सर्व्हरकडून रिकामा डिव्ह (एचटीएमएलचा नुसता डबा) येतो आणि पान बांधायचं काम वाचणाऱ्याच्या फोनवर येऊन पडतं. म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि पुढ्यात पीठ-लाटणं ठेवायचं.

नेक्स्ट एचटीएमएल आधी पाठवतं हे खरं, पण तिथेही हायड्रेशन असतं: समोर दिसणाऱ्या घटकांना जिवंत करायला त्यांचा कोड पुन्हा उतरवून चालवावा लागतो. रिॲक्ट आणि रिॲक्ट-डॉम कॉम्प्रेस करूनही चाळीस केबीच्या वर जातात, आणि तुमचा स्वतःचा कोड त्यापुढे. विश्वास नसेल तर नेक्स्टवरच्या एखाद्या लेखाचा पेज सोर्स उघडा. मजकूर वर एचटीएमएलमध्ये दिसेल, आणि बऱ्याचदा तोच मजकूर खाली स्क्रिप्ट टॅगमध्ये डेटा म्हणून पुन्हा कोंबलेला. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. कॉम्प्रेशनने हा बोजा बराच उतरतो, पण मुळात तो पाठवायचा कशाला?

नेटफ्लिक्सचं उदाहरण बोलकं आहे, कारण ती मंडळी रिॲक्टचे विरोधक नाहीत. लॉगिन न केलेल्यांसाठीच्या मुखपृष्ठावर त्यांनी ब्राउझरमधलं रिॲक्ट काढून साधं जावास्क्रिप्ट ठेवलं, रिॲक्ट फक्त सर्व्हरवर राहिलं. जावास्क्रिप्ट २०० केबीने घटलं आणि पान वापरण्याजोगं व्हायला लागणारा वेळ ५० टक्क्यांनी. रिॲक्टच्या बाजूने एवढं सांगायला हवं की सर्व्हर कंपोनंट्समुळे (फक्त सर्व्हरवर चालणारे घटक) हायड्रेशनचा भार कमी करता येतो. ॲस्ट्रो हे फ्रेमवर्क तर जावास्क्रिप्ट न पाठवण्यापासूनच सुरुवात करतं आणि लागेल तेवढ्याच तुकड्याला रिॲक्ट देऊ देतं. फ्रेमवर्कवालेही तयार एचटीएमएलकडेच वळताहेत, हे दावा पुढे ढकलणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

‘फ्रेमवर्क घेतलं की पुढची चिंता नाही.’

फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द रिॲक्टच्या टीमने नव्या ॲपसाठी क्रिएट रिॲक्ट ॲप (नवा प्रोजेक्ट सुरू करून देणारं साधन) वापरू नका असं जाहीर केलं. वर्षानुवर्षं क्लासेस त्याच्यावरच चालले होते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांचं कोठार) काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड कोसळले. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग या पॅकेजांत चोरटा कोड घुसवला गेला. स्टॅटिक जनरेटर यातून सुटतात असं नाही. इलेव्हन्टी हा जनरेटरही एनपीएमवरच आहे, आणि जुनं जेकिल नव्या रूबीवर चालवताना घाम फुटतो. फरक एवढाच की एकदा बांधलेलं एचटीएमएलचं फोल्डर हातात राहतं. जनरेटर बंद पडला तरी ते उचलून कुठल्याही होस्टिंगवर टाकता येतं.

‘रिॲक्ट नाही तर नोकरी नाही.’

जाहिरातींत रिॲक्ट मागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिकाच. पण आधी काय शिकायचं, हा खरा मुद्दा. नवख्यांच्या पोर्टफोलिओत हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे डिव्हवर ऑनक्लिक लावून केलेलं बटण. माउसने छान चालतं. टॅब दाबत गेलात तर त्याच्यावर फोकस येतच नाही, एंटर दाबून काही होत नाही, आणि स्क्रीन रीडरला (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं साधन) ते बटण आहे हे कळतही नाही. मग ते सुधारायला रोल, टॅबइंडेक्स, की दाबल्याचा हँडलर असं एकेक चिकटवत बसायचं. बटण टॅग वापरला असता तर यातलं काहीच लागलं नसतं, आणि तो रिॲक्टमध्येही चालतो.