‘भिकेचं ताट’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका, शाळेतल्या फ्री आणि स्वस्त जेवणाचा फॉर्म कसा भरायचा, या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोन दिवस तशीच ठेवली, उडवावीशी वाटत होती पण नाही उडवली. तुम्ही लिहिलंत की पगाराचा आकडा चुकलाय, प्री-के (केजीच्या आधीचा वर्ग) फुकट म्हणजे जेवणही फुकटच असणार मग फॉर्म कशाला, आणि शेवटी, "अमेरिकेत जाऊनही लेकीला भिकेच्या ताटावर बसवलंत".

पगाराचं बरोबर आहे तुमचं. मी हातात येणारा लिहिला होता, फॉर्मवर टॅक्स कापायच्या आधीचा लागतो. दुरुस्त केलंय, थँक्यू. पण तेवढंच सांगायचं तर एका ओळीत झालं असतं ना?

भीक कशाला म्हणता तुम्ही? 1946 पासून शाळेतल्या जेवणाचा कायदा आहे इथे. चौघांच्या घराला आमच्या टेक्सासमध्ये 2025-26 साठी वर्षाला 41,795 डॉलरपर्यंत जेवण फ्री आणि 59,478 पर्यंत रिड्यूस्ड. नवऱ्याचा जॉब गेला, आता वेअरहाऊसमध्ये तासाला 24 डॉलरवर उभा असतो दिवसभर, त्यामुळे आम्ही रिड्यूस्डमध्ये बसतो, म्हणजे ताटाचे 40 सेंट आम्ही भरतो, आणि इतकी वर्षं टॅक्स भरला तो वेगळाच. मी स्वतः बालवाडीत सुकडी खाल्लीय, फ्रॉकचा ओचा धरून, घरी जाईपर्यंत अर्धी संपलेली असायची. माझ्या आईला कधी त्यात लाज वाटली नाही, मला का वाटावी?

शाळेत मदतीला गेले होते तेव्हा बघितलंय मी. बाई नाव विचारून टॅबवर टिचकी मारते, ट्रे पुढे सरकतो, कोण फ्री कोण पूर्ण पैसेवाला काही कळत नाही. सगळ्यांना तेच साधं दूध, या वयाला चॉकलेटचं देतच नाहीत. माझी लेक मटार एकेक करून कडेला काढत होती आणि शेजारच्या मुलाला देत होती. तिथे भीक दिसली नाही हो मला कुठे, तुम्हाला तिकडे बसून बरी दिसली.

प्री-केचं म्हणाल तर तिला जागा मिळाली ती इंग्रजी येत नाही म्हणून, घरी मराठीच बोलतो आम्ही. जेवण पगारावर ठरतं. पोस्टमध्ये होतं हे, वाचायचं होतंत.

आणि पोस्ट माझ्यासाठी लिहिलीच नव्हती. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मैत्रिणीचं पोरगं फ्रीमध्ये बसतं पण फॉर्म महिनाभर ड्रॉवरमध्ये, डब्यात रोज नुसती बिस्किटं, का तर लोक काय म्हणतील. पोस्ट वाचून तिने रात्री मेसेज केला, सोशल सिक्युरिटी नंबरचे (आपल्या आधारसारखा इथला नंबर) शेवटचे चार आकडे मागतायत, माझा नंबरच नाहीये, आणि व्हिसाचं काही विचारतील का? म्हटलं, नंबर नाही असा चौकोन आहे त्यावर टिक कर, व्हिसाचं विचारत नाहीत. त्याच रात्री भरला तिने. तुमची कमेंट आली दुसऱ्या दिवशी सकाळी, ती आधी वाचली असती तर नसता भरला.