सप्टेंबरपासून सुरू होणारा नाताळ

फिलिपिन्समध्ये नाताळ १ सप्टेंबरला सुरू होतो, ही बातमी दरवर्षी गंमत म्हणून फिरते. ज्या महिन्यांच्या नावांच्या शेवटी ‘बर’ येते, त्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांना तिथे ‘बर’ महिने म्हणतात आणि पहिल्याच दिवसापासून दुकानांत नाताळची गाणी लागतात. बाजाराने ताणलेला सण, असे म्हणून आपण ती बातमी पुढे पाठवतो. दुबईतील एका रुग्णालयात फिलिपिनो परिचारिकांसोबत अकरा वर्षे काम केल्यानंतर मला हे मत मुळीच पटत नाही. बाजार या सणावर आपली पोळी भाजून घेतो हे खरेच. पण घरापासून दूर राहणाऱ्या माणसांना सणाला पोचायला एवढा अवधी लागतोच, आणि हा सण त्यांच्या हिशेबाने चालतो.

आमच्या विभागातील सर्वांत ज्येष्ठ परिचारिकेला सगळे ‘आते’ म्हणत. टागालोग भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. माझ्या कानांना मात्र तो शब्द आत्याचाच वाटे. तिच्या खोलीच्या कोपऱ्यात जुलैपासून पुठ्ठ्याचे एक भलेमोठे खोके उघडे असे. त्याला ‘बालिकबायन’ खोके म्हणतात. बालिक म्हणजे परतणे आणि बायन म्हणजे आपला गाव, आपला देश. पगार झाला की त्यात साबणाच्या वड्या, टूथपेस्ट, डबाबंद मांस, चॉकलेटे, टॉवेल अशी भर पडत जाई. धाकट्या मुलाच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवून काढलेला कागद घरून आलेला होता. तो दुकानात बुटाच्या तळाशी लावून, पुढे बोटभर जागा राहते ना हे पाहून ती बूट घेई, आणि त्या बुटांतली पोकळीही फुकट जाऊ नये म्हणून आत मोजे व गोळ्या कोंबून ठेवी. समुद्रमार्गे जाणाऱ्या या खोक्याला पोचायला महिना-दीड महिना, क्वचित त्याहूनही अधिक लागतो. नाताळच्या आदल्या रात्री ते घरच्यांच्या हाती पडायचे असेल तर ऑक्टोबरात ते निघालेच पाहिजे आणि सप्टेंबरात भरत आलेले असले पाहिजे.

असे वीस लाखांहून अधिक फिलिपिनो आज परदेशांत नोकरी करतात. २०१५ मध्ये फिलिपिन्सच्या सीमाशुल्क खात्याने ही खोकी उघडून तपासण्याचे जाहीर केले, तेव्हा परदेशांतून असा संताप उसळला की राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो यांना सरसकट तपासणी थांबवायला सांगावे लागले. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने दीड लाख पेसोंपर्यंतच्या वस्तू करमुक्त केल्या. मला तो संताप सर्वस्वी योग्य वाटतो, कारण जिला घरी जाता येत नाही तिच्या वतीने घरी जाते ते हे खोकेच.

सणाचा खरा गाभा १६ डिसेंबरला सुरू होतो. त्या दिवसापासून २४ तारखेपर्यंत सलग नऊ पहाटे, सूर्योदयापूर्वी, मिस्सा म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना होते. तिला ‘सिंबांग गाबी’ म्हणतात. शेतकऱ्यांना शेतावर जाण्याआधी देवळात येता यावे म्हणून स्पॅनिश काळात ही वेळ धरली गेली, असे सांगतात. नऊही दिवस न चुकता हजर राहिले तर मनातली इच्छा पुरी होते, अशी श्रद्धा आहे. मिस्सा संपली की चर्चच्या दारात केळीच्या पानावर भाजलेली, वर-खाली निखारे ठेवून फुगवलेली तांदळाची बिबिंका आणि बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा पुतो बुंबोंग मिळतो. त्यावर लोणी, ओले खोबरे आणि काळसर साखर घालतात. दुबईत पहाटेची पाळी गाठायची असल्याने हीच मिस्सा रात्री होते. ‘आते’सोबत मी एकदा चर्चच्या आवारात उभा होतो. कोणी गणवेशात, कोणी हॉटेलच्या स्वयंपाकघरातून थेट आलेले, आणि सगळे उभेच. वेळ बदलली, पण कष्ट करणाऱ्याच्या सोयीने प्रार्थना ठेवायची ही मूळची रीत मात्र अबाधित राहिली, याचे मला फार कौतुक वाटले.

त्याच आवारात कमानीला ‘पारोल’ टांगलेले होते. बांबूच्या कामट्या आणि पातळ कागद यांची पंचकोनी चांदणी आणि तिला दोन झुपकेदार शेपट्या, असा हा कंदील पूर्वी पहाटे देवळाकडे निघालेल्यांना वाट दाखवी. एक पारोल शिंपल्याचा होता. हात लावताच मला तो ओळखीचा वाटला, कारण गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या दुधी चकत्या बसवलेल्या असतात त्या याच शिंपल्याच्या. फिलिपिन्समध्ये त्याला कापिस म्हणतात.

नाताळची अमिरातीत सार्वजनिक सुट्टी नसते. मनिला दुबईच्या चार तास पुढे आहे, त्यामुळे तिथे मध्यरात्रीची मिस्सा आटोपून ‘नोचे बुएना’च्या जेवणाला घर बसते तेव्हा इथे नुकतीच रात्रपाळी लागलेली असते. त्या वर्षी ‘आते’ने विभागाच्या छोट्या खोलीत पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर हॅम, लाल मेणात गुंडाळलेला चीजचा गोळा, नूडल्सची मोठी परात आणि मागे उघडलेले खोके दिसत होते. मुलगा खुर्चीवर चढला आणि त्याने एक पाय फोनसमोर धरला. ‘आते’ने टागालोगमध्ये काहीतरी विचारले, तसे त्याने वाकून बुटाचे टोक अंगठ्याने दाबले आणि मान डोलावली. तेवढ्यात सात नंबरच्या खाटेवरची घंटा वाजली आणि फोन तसाच सुरू ठेवून ती निघाली.