चौदा पूर्णांक दोन

आज सकाळी ऑफिसला निघताना मोबाइलवर संदेश आला की, आपले सोयाबीन विक्रीसाठी सरकारी हमीभाव खरेदी केंद्रावर घेऊन यावे. नाव अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे होते. आमच्या गावात रेंज धड लागत नाही, म्हणून नोंदणी करताना मी माझा क्रमांक दिला होता. २०२५ चा जानेवारी संपत आला आहे आणि अण्णांचे सोयाबीन नोव्हेंबरातच विकून झालेले आहे. त्या पैशांतून पेरलेल्या हरभऱ्याला आता घाटे लागले आहेत. बसमध्ये उभ्या उभ्या मी तो संदेश चार वेळा वाचला आणि दिवसभर माझे कामात लक्ष लागले नाही.

दिवाळीत मी भाऊबीजेला माहेरी, लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते आणि तो आठवडा तिथेच राहिले. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच मोठा पाऊस झाला, पुढे परतीच्या पावसाने काढणी लांबवली, आणि बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, झाकून ठेवून मिळेल त्या उघडिपीत रास, म्हणजे मळणी, करावी लागली. पाच एकरांत तीस क्विंटल माल झाला. सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, आधार, पासबुक, सगळे कागद लावून नोंदणी झालेली होती. नंबर लागल्याचे कळले तेव्हा पहाटे चार वाजता भाड्याच्या ट्रॅक्टरमध्ये कट्टे भरून अण्णा, माझा भाऊ आणि मी तालुक्यातल्या एका केंद्रावर गेलो. दुपारी दोन वाजता आमच्या मालाचा नमुना घेतला गेला. यंत्रावर ओलाव्याचा आकडा आला १४.२ टक्के. मर्यादा होती १२.

“ताई, वाळवून आणा,” एवढेच तिथला मुलगा म्हणाला. अण्णांनी कट्ट्यातले दोन दाणे घेतले, दाढेखाली धरून फोडले आणि त्याला म्हणाले, “वाळलंय की हे.” दाणा फुटल्याचा तो कट्ट असा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दाढेखाली दाणा असा फुटला की माल तयार झाला, हे आमच्या घरात कोणी कोणाला शिकवलेले नाही. त्या मुलाने मान खाली घातली. त्याच्यावर माझा राग नाही. तोही कंत्राटावर राबणारा, कदाचित शेतकऱ्याच्याच घरातला असेल, आणि यंत्रातला आकडा बदलणे त्याच्या हातात नव्हते.

ओलसर सोयाबीन गोदामात साठवले तर त्याला बुरशी लागते, हे मला मान्य आहे. नियमाला कारण आहे. पण ज्या भागात काढणीच्या दिवसांत पाऊस पडतो आणि त्यानंतर लगेच दव पडू लागते, तिथे तीस क्विंटल माल वाळवायचा कुठे, याचा विचार नियम करणाऱ्याने करायचा की नाही? आमच्या गावात धान्य वाळवण्याचे यंत्र नाही. अंगण आहे, ताडपत्री आहे आणि आईचे दोन हात आहेत. माल परत न्यायचा तर ट्रॅक्टरचे दुसरे भाडे, पसरायला आणि भरायला मजूर, रात्री आभाळ आले की जागरण, आणि पुन्हा नंबर कधी लागेल हे कोणी सांगायला तयार नाही. काढणीची मजुरी द्यायची होती, मळणीयंत्रवाला दोनदा दारात येऊन गेला होता आणि हरभऱ्याची पेरणी थांबणार नव्हती. म्हणून ट्रॅक्टर घरी न नेता थेट आडतीवर नेला आणि ३,९५० रुपयांनी माल दिला. हमीभाव होता ४,८९२.

आणि त्यानंतर आठवडाभरात, विधानसभेच्या मतदानाला काही दिवस उरले असताना, केंद्र सरकारने या हंगामापुरती मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली.

हे मी पुन्हा लिहिते, कारण लिहितानाही माझा हात थरथरतो आहे. आमचा आकडा १४.२ होता. आठ दिवसांपूर्वी जो माल साठवण्यालायक नव्हता, तोच माल आठ दिवसांनी चालणार होता. म्हणजे १५ टक्के ओलाव्याचा माल घेणे शक्य होते, तो सांभाळण्याची व्यवस्था करणेही शक्य होते. मग हा निर्णय ऑक्टोबरात, खरेदी सुरू होतानाच का झाला नाही? मराठवाड्यात पाऊस किती झाला हे कोणापासून लपून राहिले होते काय? पंचनामे याच सरकारच्या माणसांनी केले होते. ज्यांना थांबणे परवडत होते त्यांना या सवलतीचा उपयोग झाला असेल, त्याचा मला आनंदच आहे. पण दिवाळीनंतर मराठवाड्यातल्या किती घरांना थांबणे परवडते, हे आपल्याला एकमेकांना सांगण्याची गरज नाही. जे थांबले, त्यांतल्या आमच्या शेजाऱ्यांना डिसेंबरात केंद्रावर सांगण्यात आले की बारदाना संपला आहे. पोती नाहीत म्हणून धान्य घेता येत नाही, असे कृषिप्रधान म्हणवणाऱ्या देशात सांगितले जाते आणि कोणालाही लाज वाटत नाही.

क्विंटलमागे ९४२ रुपयांचा फरक पडला. तीस क्विंटलांचे २८,२६० रुपये झाले. केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार असे सन्मान निधीचे वर्षाला बारा हजार अण्णांच्या खात्यात येतात. ते वेळेवर येतात आणि त्यांचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण दोन वर्षांच्या सन्मान निधीपेक्षा जास्त रक्कम एका दुपारी एका आकड्यामुळे गेली. तरीही सन्मान निधीचा हप्ता जमा झाला की त्याची जाहिरात होते आणि गेलेल्या पैशांची नोंद कोणत्याही कागदावर राहत नाही. सरकारने स्वतःच या हंगामासाठी सोयाबीनचा उत्पादनखर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरला होता आणि त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड धरलेला नव्हता. तो धरला तर ३,९५० मध्ये अण्णांच्या हाती काय उरले, याचा हिशेब मी त्यांच्यासमोर केला नाही.

कोणी म्हणेल, सरकार तरी काय काय करणार, जागतिक बाजारात तेलबियांचे भावच पडले आहेत. पडले आहेत, खरे आहे. सप्टेंबरात खाद्यतेलावरचे आयातशुल्क वाढवले, तेही खरे आहे, आणि उशिरा का होईना ते योग्यच केले. पण मला २०२१ सालचा ऑगस्ट आठवतो. सोयाबीनने दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता आणि अण्णा आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले होते की यंदा घराच्या स्लॅबचे बघू. त्याच महिन्यात बारा लाख टन सोयापेंडीच्या, म्हणजे सोयाबीनचे तेल काढून उरलेल्या चोथ्याच्या, आयातीला परवानगी मिळाली, नवे सोयाबीन बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला, आणि डिसेंबरात वायदेबाजारही बंद केला गेला. कोंबड्यांचे खाद्य महागले होते आणि कुक्कुटपालन करणाराही शेतकरीच आहे, हे मी समजू शकते. न समजण्यासारखी गोष्ट एकच आहे. भाव चढला की निर्णय काही आठवड्यांत होतो, आणि भाव पडला की हेक्टरी पाच हजारांची मदत जाहीर होऊन खात्यावर यायला पुढचे पीक शेतात उभे राहते. २०२३ च्या खरिपाचे ते पैसे, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, कधी आले ते तुम्हांला आठवत असेल. आमच्या घराला अजून पत्रेच आहेत.

मी शेती सोडून पुण्यात नोकरी करते, तेव्हा मला बोलण्याचा अधिकार किती, असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या दिवशी मी तिथे उभी होते. ओलावा जास्त असेल तर त्या प्रमाणात भावात कपात करा, आडत्याही तेच करतो. शंभर-दोनशे रुपये कमी दिले असते तरी अण्णांनी आनंदाने माल घातला असता. बारा किंवा परत, याशिवाय तिसरा मार्गच ठेवलेला नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सोयाबीनला सहा हजार भाव देण्याच्या निवडणुकीतल्या आश्वासनाबद्दल मी बोलतच नाही. जाहीर झालेले ४,८९२ तरी पदरात पडू द्या.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत अण्णांना फोन लावला. संदेश वाचून दाखवला. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मला वाटले, आता चिडतील, आणि खरे तर ते चिडावेत असे मला वाटत होते. मग त्यांनी विचारले, “तारीख कुठली दिलीय?” खरेदीची मुदत आता ३१ जानेवारीपर्यंत वाढवली आहे, हे मी सांगितले. ते म्हणाले, “पलीकडच्या आळीत दोघांचं सोयाबीन अजून घरातच आहे. आपला नंबर त्यांना देता येतो का, तेवढं विचार बाई.”

देता येत नाही. नोंद ज्याच्या नावावर, माल त्याचाच घेतला जातो. हे मला ठाऊक होते, तरी मी त्यांना विचारते म्हणाले. आलेल्या संदेशावर उत्तर पाठवण्याची सोय नाही. उद्या दहा वाजता केंद्रावर फोन लावणार आहे.