मालवण फिरायचं तर नकाशाआधी कर्ली नदी आणि पंचांग बघा

मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, धामापूर, वर वेंगुर्ला, हे सगळं दोन दिवसांत "करायचं" असे बेत दर सुट्टीत दिसतात. माझं स्पष्ट मत आहे, त्यात निम्मा वेळ गाडीतच जातो. कारण नकाशावरच्या अंतरात कर्ली नदी धरलेली नसते.

देवबागच्या टोकाला उभं राहिलं की पलीकडे भोगवे दिसतं. होडीने काही मिनिटांचं काम. रस्त्याने मात्र पूल बराच आत, म्हणजे अख्खी पट्टी मागे येऊन तास-दीड तासाचा वळसा. म्हणून एक दिवस नदीच्या अलीकडचा ठेवा, मालवण-तारकर्ली-देवबाग, आणि दुसरा पलीकडचा, परुळे-भोगवे-निवती. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. देवबागची पट्टी इतकी चिंचोळी आहे की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधल्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की मागे घ्यायलाही जागा नसते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे मोठी गाडी नेऊच नये. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालणं तर कधीच नको. चाक रुततं, आणि भरती थांबत नाही.

भरतीचं गणित कोळ्यांकडे जुनं आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाचनंतर. संगमावरचं वाळूचं बेट, ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात, ते ओहोटीलाच नीट उघडं पडतं. पौर्णिमेला भर दुपारी गेलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहून परत याल. आणि ओहोटी लागलेली असताना संगमावर पोहायला उतरू नका. नदीचं पाणी समुद्राकडे ओढतं, चांगल्या पोहणाऱ्यालाही.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी सकाळची पहिली होडी धरा. वारा दुपारी वाढतो. होडीवाले साधारण तासाभरात त्याच होडीने परत आणतात आणि किल्ला ४८ एकरांचा आहे, त्यामुळे शिवराजेश्वर मंदिर आणि गोड्या पाण्याच्या विहिरी आधी, तटावरचे फोटो नंतर. पावसाळ्यात होड्या बंद. जूनमध्ये येऊन जेट्टीवर हळहळणारे दरवर्षी असतात.

आता धामापूर. १५३० साली बांधलेला तलाव, आजही पाणी देणारा. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. लोक दहा मिनिटं थांबून सेल्फी काढतात याचं वाईट वाटतं. भगवती देवीच्या देवळामागच्या पायऱ्यांवर तासभर शांत बसा. पाण्यात उतरू नका, पायऱ्यांनंतर खोली एकदम वाढते.

गाडी नसेल तरी अडत नाही. कुडाळ स्टेशनावरून रिक्षाने एसटी स्टँड, तिथून मालवण गाडी. चढण्याआधी "नेरूरपार-धामापूरमार्गे का?" एवढं विचारा, कारण काही गाड्या कट्टा गावावरून जातात आणि तलाव राहून जातो. महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. ओळखपत्र जवळ ठेवा. संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात. गावात जाणारी शेवटची गाडी बहुधा वस्तीची असते, ती सकाळीच परत फिरते, तिच्या भरवशावर माघारी येता येत नाही.

मुंबईहून कुडाळला येणारी तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढा. ही एक चूक झाली की स्टेशनावर पोचल्यावर कळतं, आपली गाडी कालच गेली.