सब्स्ट जुनी आहे हे मान्य, पण दिशाभूल कशी?

सब्स्ट म्हणजे एखाद्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर देणारी विंडोजची कमांड. तिच्यावरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ती डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातली, मशीन रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह गायब, ॲडमिनच्या विंडोत तर तो दिसतच नाही, आणि पॉवरशेलमध्ये (विंडोजची नवी कमांड विंडो) न्यू-पीएसड्राइव्ह (तिथे फोल्डरला ड्राइव्हसारखं नाव देणारी कमांड) असताना नवीन पोरांना हे शिकवणं म्हणजे त्यांची दिशाभूल. यातल्या रीस्टार्टच्या आणि ॲडमिनच्या गोष्टी बरोबर आहेत, मी लिहायला हव्या होत्या, आज लेखात घातल्यात. पण पीएसड्राइव्हचं पटलं नाही, का ते सांगतो.

पीएसड्राइव्ह मी पण रोज वापरतो. एका अक्षराचं बंधन नाही, 'काम:' असं नाव ठेवता येतं, विंडोजच्या सेटिंग्ज जिथे असतात ती रजिस्ट्रीसुद्धा एचकेएलएम: म्हणून ड्राइव्हसारखी फिरता येते, मला ते फार आवडतं. पण तो ड्राइव्ह फक्त पॉवरशेलला माहीत असतो, विंडोजला नाही. करून बघा ना, काम: बनवा आणि नोटपॅडला काम:\यादी.टीएक्सटी असा पूर्ण पाथ द्या, फाइल उघडणार नाही. आधी सीडी (फोल्डर बदलायची कमांड) करून काम: मध्ये गेलात आणि मग नुसतं फाइलचं नाव दिलंत तर मात्र उघडते, कारण पॉवरशेल तेव्हा मागचा खरा फोल्डर नोटपॅडला देतं. ड्राइव्ह टिकावा म्हणून पर्सिस्ट लावा म्हणाल तर तो नेटवर्कवरच्या शेअरलाच (शेअर केलेल्या फोल्डरला) चालतो, आपल्याच डिस्कवरच्या फोल्डरला नाही.

आता आमचं काम काय ते बघा. सर्व्हेचं छोटं ऑफिस, चार मशीन, ऑटोकॅडची ड्रॉइंग एकमेकांना एक्सरेफने (एका ड्रॉइंगमध्ये दुसरं जोडून दाखवायची सोय) जोडलेली आणि एक्सरेफमध्ये पूर्ण पाथ बसलेला, कुणाकडे कामं डी: वर, कुणाकडे डेस्कटॉपवर, आणि एका लॅपटॉपला डी: च नाही. ड्रॉइंग एका मशीनवरून दुसरीकडे गेलं की अर्ध्या लाइन गायब आणि पोरगं पाथ शोधत बसलेलं. चारही मशीनवर सब्स्ट पी: आणि पुढे ज्याच्या त्याच्या फोल्डरचा पाथ, एवढंच केलं, आणि तेव्हापासून सगळ्या ड्रॉइंगमध्ये पी:\ एवढंच असतं. ऑटोकॅडला पी: दिसतो, एक्सेलला दिसतो, झिप करणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसतो. पीएसड्राइव्हने हे झालंच नसतं.

दुसरं कारण आपल्या मराठीत फोल्डरची नावं ठेवणाऱ्यांसाठी आहे आणि यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा लांबण लावतो. विंडोजची जुनी मर्यादा २६० कॅरेक्टरची, ड्राइव्हचं अक्षर आणि शेवटचं न दिसणारं शून्य धरून. पण आपण अक्षरं मोजतो तशी विंडोज मोजत नाही. 'विद्यार्थी' आपल्याला वि, द्या, र्थी अशी तीन अक्षरं दिसतात, विंडोजच्या हिशोबात ती १०, कारण प्रत्येक वेलांटी, काना आणि हलन्त वेगळा मोजला जातो. तालुका, गाव, गट नंबर, मालकाचं नाव, वर्ष असे फोल्डर एकात एक गेले की २६० कधी भरतं कळतही नाही, आणि मग कॉपी अडते. विंडोज १० मध्ये २०१६ च्या १६०७ व्हर्जनपासून ही मर्यादा काढायची सेटिंग आहे, पण सॉफ्टवेअरनेही तशी तयारी ठेवलेली लागते आणि आमच्याकडची जुनी सॉफ्टवेअरं ठेवत नाहीत. पी: लावला की त्या फोल्डरपर्यंतचा सगळा पाथ तीन कॅरेक्टरमध्ये आटोपतो. फक्त एक सांभाळा, पी: मधून खूप आत फाइल बनवलीत तर तिचा खरा पाथ २६० च्या पुढे जाऊ शकतो आणि मग पी: काढल्यावर तीच फाइल उघडत नाही. हेही लेखात घातलंय.

रीस्टार्टचं म्हणाल तर सब्स्टची ती एक ओळ बॅच फाइलमध्ये टाकून स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा, लॉगिन केलं की पी: हजर. ॲडमिनचं सेशन वेगळं असतं म्हणून तिथे तीच ओळ परत चालवावी लागते. अक्षर मधलं किंवा शेवटचं घ्या, पेनड्राइव्ह सुरुवातीची रिकामी अक्षरं पकडतो. आणि सब्स्टला स्लॅश डी देऊन पी: काढला तर फोल्डरला काही होत नाही, हे मी आमच्या पोरांना पहिल्याच दिवशी करून दाखवतो कारण सगळ्यांना तीच भीती असते.

तुम्ही सिमलिंकचंही (एका जागेवरून दुसरीकडच्या फाइल किंवा फोल्डरकडे नेणारा दुवा) लिहिलंय. त्याला ॲडमिन लागतो नाहीतर डेव्हलपर मोड चालू करावा लागतो. जंक्शनला (तसाच दुवा, पण फक्त फोल्डरसाठी) लागत नाही, रीस्टार्टनंतर टिकतंही, आणि खरं सांगायचं तर जो फोल्डर कधी हलणारच नाही त्याला मीसुद्धा जंक्शनच करेन. पण जंक्शन काढताना आरएमडीआयआर (फोल्डर काढायची कमांड) वापरा. डेल (फाइली पुसायची कमांड) दिलंत तर ते आतल्या फाइली उडवू का विचारतं, आणि हो म्हटलं की मूळच्या फाइली जातात. नवशिक्याच्या हातात म्हणून मी आधी सब्स्ट देतो.

शेवटी सर्व्हरवरच्या शेअरचं विचारलंत, तर त्याला सब्स्टच्या नादी लागू नका. थोड्या वेळापुरतं हवं असेल तर सीएमडीमध्ये (विंडोजची जुनी कमांड विंडो) पुशडी आणि शेअरचा पाथ द्या, झेड: पासून मागे येत पहिलं रिकामं अक्षर आपोआप मिळतं, काम झालं की पॉपडी, अक्षर परत मोकळं. कायमचं हवं असेल तर नेट यूज (शेअरला ड्राइव्हचं अक्षर देणारी कमांड).