पाडायचं ठरवण्याआधी

मुंबईतल्या मंत्रालयाच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली की आमच्या लंडनच्या मराठी मंडळींत एक वाक्य हमखास येतं: 'इथे बघा, दीडशे वर्षांच्या कचेऱ्या कशा जपल्यात!' मला ते खटकतं. ते अर्धंच खरं आहे.

व्हाइटहॉल या लंडनच्या सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावरची ब्रिटिश परराष्ट्र खात्याची इमारत 1868 साली पूर्ण झाली. तिचे वास्तुरचनाकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांना ती टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीत बांधायची होती. पंतप्रधान पामर्स्टन अडून बसले आणि इटालियन धाटणी आली. (मुंबईचा राजाबाई टॉवरही स्कॉट यांचाच. तिथे त्यांचं गॉथिक उभं राहिलं.) पुढे तिची रया गेली. 1960च्या दशकात सरकार ती पाडायलाच निघालं होतं. लोकांनी ओरड केली म्हणून ती वाचली, आणि दुरुस्ती संपायला 1997 उजाडलं.

जपणूक आपल्याकडेही आहे. 1874चं जुनं सचिवालय आजही उभं आहे, तिथे न्यायालय भरतं. आताचं मंत्रालय 1955चं. 1975 साली नाव बदललं, तरी माझे वडील शेवटपर्यंत 'सचिवालय'च म्हणायचे. 21 जून 2012च्या आगीत वरचे मजले जळाले, पाच माणसं गेली. त्यामुळे 'जुनं ते सोनं' म्हणून मी कुणाला अडवणार नाही. माझं मत सांगाडा राखून आतून नवं करावं असं आहे, पण मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे.

सप्टेंबरात लंडनमधल्या अशा वास्तू लोकांसाठी उघडतात, तेव्हा मी परराष्ट्र खात्याच्या याच इमारतीतल्या दरबार कोर्ट नावाच्या चौकात गेलो होतो. एके काळी इथे इंडिया ऑफिस होतं, आपल्या देशाचा कारभार तिथून चालायचा. ग्रॅनाइटचे खांब, वर काचेचं छत. मान वर केली आणि मंत्रालयातली जाळी आठवली. हताश माणसं वरून उडी घेऊ लागली म्हणून 2018 साली आतल्या मोकळ्या जागेत बांधलेली.

व्हाइटहॉलच्या त्या इमारतीत कुणी सातबारा घेऊन येत नाही. मंत्रालयात येतात, गडचिरोलीहून, सिंधुदुर्गातून, रात्रभर प्रवास करून. ती माणसं बसणार कुठे, पाणी कुठे पिणार, त्यांचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे हे त्यांना कोण सांगणार, आग लागली तर कुठून बाहेर पडणार? नव्या इमारतीचे नकाशे निविदेच्या आधी मराठीत, पासाच्या रांगेत उभ्या असलेल्यांना दिसतील असे लावा. त्यांचं म्हणणं तिथेच लिहून घ्या.

आणि त्या नकाशात जाळी लागणार असेल, तर नकाशा परत पाठवा.